दोन आकड्यांमधला नवरा

वकीलसाहेब पाटी काखेत मारून जिना चढून आले, तेव्हा मी गॅलरीत ब्रश धूत बसले होते.

"वहिनी, हात पुसा आणि हे जरा वाचा," असं म्हणत त्यांनी पाटी भिंतीला टेकवली.

मी वाचली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, ताठ, एकसारखी. वर साहेबांचं नाव, खाली ‘वकील’, त्याखाली भेटायची वेळ. इथवर सगळं सांगितल्याबरहुकूम. आणि अगदी तळाशी, कोणीही न सांगता, दोन्ही बाजूंना एकेक फूल काढून लिहिलेलं: ‘शक्यतो भांडू नका.’

"अहो, माझं पोटच भांडणावर आहे!" वकीलसाहेब म्हणाले. "काल एक जोडपं घटस्फोटाचं विचारायला आलं. पाटी वाचली आणि जिन्यातच रडायला लागलं. गेलं की हो हातात हात घालून!"

"दुवा देतील तुम्हाला."

"दुव्यावर ऑफिस चालत नाही. पेंटर कुठे आहेत?"

पेंटर म्हणजे आमचे हे. आतल्या खोलीत शीळ घालत होते. मला हसू फुटलं आणि त्याच वेळी धास्तीही वाटली. कारण ज्या माणसाशी मी लग्न केलं, त्याने उभ्या आयुष्यात पाटीवर एक टिंबसुद्धा पदरचं टाकलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणायचं, पेंटर, अक्षराला जरा सावली द्या ना, उठाव येतो. हे मान हलवायचे. "सावली दिली की अक्षर फुशारकी मारतं." एवढं एक वाक्य बोलले की त्यांचा दिवसाचा कोटा संपायचा. घरी आमच्या वाट्याला उरायचं ‘हं’. जेवण झालं का, हं. भाजी बरी झाली का, हं. बरं वाटत नाही का, हं. मी त्या एका ‘हं’चे इतके अर्थ लावायला शिकले होते की कोणी परीक्षा घेतली असती तर पहिली आले असते. शाळा तर माझी अर्ध्यावरच सुटली होती. वाचायची गोडी लागली ती यांच्यामुळेच, म्हणजे ब्रश पुसायला आणलेल्या रद्दीमुळे. ती मी आधी वाचायची आणि मग पुसायला द्यायची.

मग यांचा हात थरथरायला लागला. आधी अंगठा, मग मनगट. पाटी लिहिणाऱ्याचा हात थरथरला म्हणजे गवयाचा गळा बसल्यासारखंच. कंपवात निघाला. गोळ्या झाल्या, मोठ्या गोळ्या झाल्या आणि शेवटी ऑपरेशन. डोक्यात खोलवर केसासारख्या दोन तारा घातल्या, गळ्याच्या हाडाखाली कातडीत काडेपेटीएवढी बॅटरी बसवली आणि माझ्या हातात एक रिमोट दिला. टीव्हीच्या रिमोटचा धाकटा भाऊच. वर-खाली करायची दोन बटणं आणि काचेत विजेच्या जोराचा एक आकडा. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा तो आकडा तीन होता.

तीनवर हात थांबला. अगदी थांबला. घरी आल्यावर यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर कोऱ्या फळीवर एक आडवी रेघ मारली. दोरी न धरता, पट्टी न लावता. ती रेघ बघून मी रडले. आणि हे म्हणाले, "रडतेस काय? इकडे ये."

इकडे ये! आमच्या घरात हे दोन शब्द याआधी फक्त गिऱ्हाइकाच्या कुत्र्याला म्हटले गेले होते.

त्यानंतर हे बोलायला लागले. दूधवाल्याशी, शेजाऱ्यांशी, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसाशीसुद्धा. आणि एका दुपारी मी अशीच ब्रश धूत असताना शेजारी येऊन बसले. ब्रश धुणं हे माझं काम, लग्न झाल्यापासूनचं. आधी टर्पेंटाइनमध्ये खळबळायचे, मग साबणाने, मग बोटांनी केसांना टोक काढून आडवे वाळत घालायचे. टोक नाही काढलं तर दुसऱ्या दिवशी ब्रश झाडूसारखा फुलतो आणि अक्षराची कड फाटते. हे मला कोणी शिकवलं नाही, बघून बघून कळलं. आणि मी ते करते हे यांना ठाऊक तरी आहे का, हेच मला कधी कळलं नव्हतं.

"तू टोक काढून ठेवतेस," हे म्हणाले. "मी रोज बघायचो. सकाळी ब्रश उचलला की आधी तुझी बोटं लागायची हाताला. लोक माझ्या अक्षराची कड बघतात, ती कड तुझी आहे. रोज सांगायचं ठरवायचो."

"मग सांगितलं का नाही?"

"तोंडापर्यंत यायचं. मग वाटायचं, उद्या."

मी ब्रश धूत राहिले. एकच ब्रश किती वेळ धुतला, देव जाणे. बाई, मनात म्हटलं, हे ऐकायला तू जन्मभर बसली होतीस. घे ऐकून.

त्याच आठवड्यात यांनी लेकीला फोन केला.

आमची लेक, घरातली चिमणी, हिने बापाच्या मांडीवर बसून अक्षर गिरवलं होतं. यांच्याइतकाच स्थिर तिचा हात. हे तिला तोंडाने कधी म्हणाले नाहीत, पण मोठ्या पाटीचं पहिलं अक्षर तिला काढू द्यायचे, आणि यांच्याकडून याहून मोठी शाबासकी नव्हती. तिने मात्र फ्लेक्स छापणाऱ्या पोराशी लग्न केलं आणि त्याच्या दुकानात संगणकावर बसली. यांच्या हातची पाट्यांची निम्मी कामं त्या दुकानाने खाल्ली. लग्न ठरल्याचं सांगायला आली तेव्हा यांनी तिचा ब्रश उचलला, तिच्यासमोर मोडला आणि परत कामाला लागले. तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद. मी चोरून फोन करायची, हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आता तीनवर यांनी तिला म्हटलं, "चिमणे, चुकलो मी. रविवारी ये."

संध्याकाळी तिचा मला फोन. "आई, बाबा खरंच म्हणाले ना? तू तर नाही ना पढवलंस?"

"मी पढवून हे बोलले असते, तर एवढी वर्षं काय झोपा काढत होते?" मी म्हटलं. ती हसली, मग हुंदका दिला, मग फोन ठेवला.

आणि गुरुवारी आले वकीलसाहेब, ‘शक्यतो भांडू नका’ घेऊन.

हाताशी पुरावाच आला म्हटल्यावर मला गप्प बसवेना. पाटी पिशवीत घालून शुक्रवारी यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. पाटी वाचून त्या आधी हसल्या आणि मग हसू आवरून खुर्चीत सरळ बसल्या.

"काकू, झोप कशी आहे काकांची?"

"घेत नाहीत. पहाटेच उठून जिन्याला रंग देतात."

"सगळ्यांशी बोलतात? सगळ्यांवर माया येते?"

"रद्दीवाल्याला मिठी मारली."

"वीज जरा जास्त होते आहे," त्या म्हणाल्या. "तारा जिथे आहेत तिथून हाताचा रस्ता जातो, तसाच मनाचाही जातो. शेजारशेजारचे रस्ते. दोनवर आणून बघू."

हे हसत होते. "आणा की. माझं काय जातंय?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या यंत्रावर आकडा उतरवला आणि आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. मी बघत होते. आधी उजवा अंगठा हलला. मग शीळ थांबली. मग चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू पुसलं गेलं, ओल्या पाटीवरून चिंधी फिरावी तसं. दुपारपर्यंत माझ्या शेजारी माझा नवरा बसला होता, ओळखीचा.

"तहान लागली का?" मी विचारलं.

"हं."

आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. दोनवर हात थोडा थरथरेल, कप धरता येईल, पण ब्रश धरता येणार नाही. तीनवर हात स्थिर, पण स्वभाव असा उतू जाईल. मधलं काही त्यांनी करून बघितलं, ते यांना मानवलं नाही. "काका, तुम्ही सांगा. कशावर ठेवू?"

"दोन," हे म्हणाले.

"ब्रश जाईल हातातला."

"जाऊ दे. डोकं माझं राहू दे."

या माणसाकडे आयुष्यात एकच गोष्ट होती, ती त्याने ‘मी’ राहण्यासाठी टाकून दिली. पण डॉक्टरीणबाई हुशार, म्हणाल्या, हा प्रश्न तीनवरच्या काकांनाही विचारायला हवा, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. पुन्हा आकडा चढवला, पुन्हा बाक, पुन्हा वाट बघणं. संध्याकाळी तीनवरचे हे म्हणाले, "तीनच ठेवा! हात चालतोय, बायको सुंदर दिसतेय, अजून काय पाहिजे? तो दोनवाला काय, त्याला नाही म्हणायची सवयच आहे."

"घ्या," मी म्हटलं. "एका माणसाची दोन मतं, आणि दोघंही स्वतःलाच निवडून देतात."

"मग तुमचं मत निर्णायक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी मागे वळून बघितलं. खरंच, मागे कोणी उभं आहे की काय. लग्नात मला विचारलं नव्हतं. भिंतीचा रंग कोणता, हेही कधी विचारलं नव्हतं. आणि आता एकदम, नवरा कोणता हवा?

"मला एक सांगा," मी म्हटलं. "यातले खरे कोणते?"

"तसं नाही सांगता येत, काकू. हा आजार हात थरथरायच्या कितीतरी आधी सुरू होतो. चेहरा दगडासारखा होतो, बोलणं कमी होतं, माणूस आतल्या आत आखडतो. तुम्ही ज्याला काकांचा स्वभाव समजत होता, त्यातला थोडा आजारही असेल."

"किती आधी सुरू होतो? लग्नाआधी?"

त्या हसल्या. मी नाही हसले. कारण त्यांनी अगदी गोड आवाजात माझं सगळंच काढून घेतलं होतं. गप्प राहिलेल्या नवऱ्यावर मी जन्मभर राग जपला होता, आता तो कोणावर धरायचा? आजारावर? आणि ब्रशच्या टोकाचं जे ऐकलं होतं, त्याचं सुख कोणाच्या नावावर लावायचं? बॅटरीच्या? एक आजार बोलला नाही, एक यंत्र बोललं. मधे नवरा नावाचा इसम होता की नव्हता?

"दोनवर ठेवा," मी म्हटलं.

"विचार करून सांगताय ना?"

"हो. तीन मी निवडलं तर पुढे हे जे काही गोड बोलतील, ते माझंच मी बोलून घेतल्यासारखं होईल. आरशाला चहा पाजल्यासारखं."

त्यांनी ठेवलं दोनवर. पण रिमोटवर तीनपर्यंत जायची मुभा राहू दिली, कधी एखाद्या दिवशी हाताचं काम निघालं तर तेवढ्यापुरती. वकीलसाहेबांची पाटी पुसायची राहिलीच. त्यांनी शेवटी दुसरी छापून घेतली, आमच्याच जावयाकडून.

शनिवारी सकाळी मी ब्रश धुवायला घेतले. धुण्यासारखे नव्हतेच, सवयीने घेतले. हे खुर्चीत बसले होते, मांडीवर हात हलत होता.

"ते तुम्ही म्हणालात ना," मी विचारलं, "टोक काढून ठेवते त्याचं. ते खरं होतं का?"

यांनी ब्रशांकडे बघितलं. मग म्हणाले, "यंत्र बोललं ते."

"तुम्हाला आठवतं तरी का?"

"हं."

या ‘हं’चा अर्थ मात्र मला लावता येईना.

रविवार उजाडला. मी घर झाडलं, पुन्हा झाडलं. लेकीला फोन करून सांगावं का, की येऊ नकोस, ज्याने बोलावलं तो गेला? फोन हातात घेतला, ठेवला. तिच्या तोंडचं ‘बाबा खरंच म्हणाले ना’ कानात होतं. ती दारात उभी राहील, हे भिंतीकडे बघतील, आणि त्या पोरीचा दुसरा ब्रश मोडेल. रिमोट माझ्या कपाटात होता. मी दाबू शकत होते. पण मी दाबायचं आणि यांनी माफी मागायची, तर ती माफी कोणाची? बापाची की आईची? आईला तर माफी मागण्यासारखं काही नव्हतंच.

यांनी दाढी केली होती. स्वतः. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला तेव्हा हे म्हणाले, "ते यंत्र आण."

"कशाला?"

"मला जमायचं नाही." खिडकीकडे बघत म्हणाले. "त्याला बोलव."

मी रिमोट आणला, पण हात पुढे केला नाही. "मी नाही दाबणार. सांगून ठेवते."

यांनी माझ्या हातातून घेतला. अंगठा बटणावर जाईना, निसटे, काचेवर आपटे. जिन्यात चिमणीच्या चपला वाजत होत्या. यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, जसं पाटी लिहिताना ते आधाराच्या काठीवर टेकवत, आणि दाबलं. आकडा बदलला. अंगठा थांबला. मग हे डोळे मिटून बसले, कोणाची तरी वाट बघावी तसे.

दारात लेक घुटमळली. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं, जावयाचं विचारलं, जितका वेळ काढता येईल तितका काढला. ती माझ्या खांद्यावरून बापाकडे बघत होती. मग खुर्चीतून आवाज आला, "चिमणे, एवढ्या लांब का बसलीस?"

पुढचं सांगण्यात अर्थ नाही, कोणत्याही घरात झालं असतं तसंच झालं. रडली, हसली. यांनी तिचा फोन घेऊन तिने काढलेली अक्षरं एकेक करून बघितली. "याला सावली दिलीस," हे म्हणाले.

"फुशारकी मारतंय का?" तिने विचारलं.

"मारू दे. चांगलं आहे, म्हणून मारतंय." मग तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुझा ब्रश मोडला. तो माझ्या ब्रशांपेक्षा चांगला होता."

ती जाताना माझ्या गळ्यात पडली. "आई, तू का गं गप्प? आता तर बोलायची पाळी तुझी!"

"माझं काय, बाई," मी म्हटलं. "मला सवय आहे."

दार लावून वळले तर हे उभे होते. चेहरा उजळलेला, डोळे ओले, हात दोन्ही माझ्याकडे. "आणि तू," म्हणाले, "तुला तर मी..."

टेबलावरून मी रिमोट उचलला आणि खाली दाबला.

का, ते माझं मला अजून नीट सांगता येत नाही. लेकीसाठी शिजवलेलं होतं, त्यातलं उरलंसुरलं माझ्या पानात नको होतं, एवढंच त्या क्षणी वाटलं. त्यांचं वाक्य मधेच लटकलं, तोंड थोडा वेळ उघडं राहिलं. मग हळूहळू चिंधी फिरली. बाकी सगळं आयुष्य मी या माणसाला बोलतं करायला घालवलं, आणि बोलत होता तेव्हा गप्प केलं तेही मीच.

दुसऱ्या दिवशी चहा देताना मी रिमोट त्यांच्या कपाशेजारी ठेवला.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"इथेच राहील. मी हात लावणार नाही. काल लेकीसाठी तुम्हाला कळलं ना कसं बोलवायचं त्याला? मग माझ्यासाठी कधी वाटलंच, तर."

"हं."

आधी मला वाटायचं, यांना येतच नाही. त्या वाटण्यात एक आधार होता, लंगड्याला पळ म्हणून कोण सांगणार? मग वाटलं, यंत्राने खोटं बोलायला लावलं. त्यातही एक आधार होता. पण दोनवरच्या माणसाने, याच माणसाने, स्वतःचं मनगट धरून बटण दाबलं, म्हणजे आत जे आहे ते त्याला ठाऊक आहे आणि बाहेर कुठून काढायचं तेही ठाऊक आहे. आता मला कुठलाच आधार राहिला नाही. ना आजाराचा, ना बॅटरीचा.

तेव्हापासून रोज चहाच्या वेळी तो तिथे असतो. लेक फोन करते, बाबांना दे म्हणते. तेव्हा हे मनगट धरतात, दाबतात, डोळे मिटून जरा थांबतात, बोलतात आणि फोन ठेवला की माझ्याकडे न बघता स्वतःच खाली आणतात. मी ब्रश काढून धुते. वापरत कोणी नाही, पण टोक काढून ठेवलं नाही तर केस वाकडे वळतात.

आजही मी कप ठेवला, समोर बसले. यांनी रिमोटकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. हात उचलला, थरथरता. यांनी दोन बोटांनी, कुठलं बटण चुकूनही दाबलं जाणार नाही अशा बेताने, रिमोट अलगद बाजूला सरकवला आणि कप उचलला.